फवारणी जोरात सुरू व्हायच्या आधी ती बॅग एकदा दाबून पाहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब झालंय, कापायचं असेल तर कापा, फक्त बॅगेचं कापू नका, कारण लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

मी आरोग्य केंद्रात २६ वर्षं अँबुलन्स चालवली, रिटायर होऊन आता सात वर्षं झाली. मागच्या महिन्यात जवळच्याच एका केंद्रातलं जुनं सामान भंगारात निघालं (नाव लिहीत नाही, तिथली पोरं ओळखीची आहेत). गंजलेले स्टूल, सलाइनचे स्टँड, पायानं दाबायचा सक्शन पंप, आणि त्या ढिगात एक काळी रबरी बॅग. भंगारवाल्यानं मागितले वीस रुपये, मी घेतली. उन्हाळ्यानं रबर इतकं चिकट झालंय की बोटाचे ठसे उमटतात, दाबली तर दबते पण फुगून वर येत नाही, आणि पुढच्या व्हॉल्व्हमधली रबराची चोच एकमेकाला चिकटून बसलीय. घरी आणली तर नातू म्हणे आबा हा कायचा हॉर्न आहे. हॉर्न नाही म्हटलं, हे फुफ्फुस आहे. याला अंबू बॅग म्हणतात, श्वास बंद पडलेल्याला हातानं दाबून हवा द्यायची.

१९९८ सालचा जुलै. रात्री अडीच-तीनला एका बाईला बैलबंडीत टाकून आणलं. खाली झोपली होती, पहाटेकडे पोटात दुखायला लागलं, मग गळ्यात अटकते म्हणे, मग पापण्या पडल्या. चावल्याची खूण म्हणाल तर काही दिसत नव्हती. मण्यार अशीच चावते, दुखत नाही, सुजत नाही, माणसाला वाटते मच्छर चावला. केंद्रात पोचेपर्यंत बाईचा श्वास थांबल्यासारखाच झाला होता. सोबतचा म्हातारा म्हणे, "मेली ना जी ते, आता कायले डिझेल जाळता." आमचे डॉक्टर तेव्हा बाँडवर आलेले, पंचविशीतलं पोरगं, पण त्यांनी नाडी पाहिली, चालू होती. म्हणे बाई मेलेली नाही, हिचे फक्त स्नायू झोपलेत, श्वास आपण देऊ. कपाटातून बॅग काढली, तोंडावर मास्क दाबला, जबडा वर ओढला आणि गाडीत बसले.

जिल्ह्याचं हॉस्पिटल ६२ किलोमीटर. बॅग दाबायला अटेंडंट, त्याचे हात भरून आले की बाईचा दीर. दीर बिचारा घाबरून घाईघाईनं दाबे, तर डॉक्टरांनी त्याला शिकवलं, दाब, सोड, मग मनात तीनदा विठ्ठल विठ्ठल विठ्ठल म्हण, मग दाब. दर पाच-सहा सेकंदाला एक श्वास, बस. छाती थोडी वर आली की पुरे, पुरी बॅग पिळायची नाही. मधात रेल्वेचं फाटक बंद. वणीकडून कोळशाची मालगाडी येत होती, डबे संपता संपत नव्हते, आणि मी तिथं उभ्या उभ्या अटेंडंटला सांगत होतो की डिझेल रिझर्वला आलंय, पंपावर उधार मिळते का पाहावं लागेल. मागं दीर विठ्ठल विठ्ठल करत दाबतोय.

हॉस्पिटलात मशीन रिकामी नव्हती. दोन दिवस दोन रात्री नातेवाइकांनी पाळ्या लावून हातानं श्वास दिला, म्हातारा पण बसला त्यात. तिसऱ्या दिवशी बोटं हलली, मग पापण्या. महिन्याभरानं बाई पेढे घेऊन केंद्रात आली आणि मला म्हणते, "भाऊ, तुमचं डिझेलचं बोलणं मले सारं आयकू येत होतं. मी मेली असं सासरा म्हणे तेबी आयकलं." मण्यारच्या विषात माणूस लाकडासारखा पडतो, डोळा उघडत नाही, पण आतून बऱ्याचदा जागा असतो. तेव्हापासून गाडीत मेल्यासारख्या माणसाशेजारी मी कधी वाईट बोललो नाही.

त्या रात्री परत येताना डॉक्टरांनी मला झोप लागू नये म्हणून गाढविणीची गोष्ट सांगितली. मला वाटलं पोरगं गंमत करतंय, पण पुढं वाचलं तर खरीच निघाली. १८१४ साली लंडनमध्ये चार्ल्स वॉटरटन नावाचा माणूस दक्षिण अमेरिकेच्या जंगलातून बाणाला लावायचं विष घेऊन आला होता, क्युरारे. ते एका गाढविणीच्या खांद्यात टोचलं. दहा मिनिटांत खाली पडली, श्वास बंद, मेल्यातच जमा. मग तिच्या श्वासनळीला बारीक भोक पाडून लोहाराच्या भात्यासारख्या भात्यानं हवा भरत राहिले. दोन तासांनी तिनं मान वर केली, इकडंतिकडं पाहिलं. यांना वाटलं झालं, भाता थांबवला, तर पुन्हा कोसळली. पुन्हा भाता सुरू, अजून दोन तास, आणि मग उभी राहिली आणि चालायला लागली. तिचं नाव ठेवलं वुरालिया, आणि ती १८३९ पर्यंत जगली, म्हणजे विष टोचल्यावर २५ वर्षं! आमच्याकडं धडधाकट बैल तेवढा जगत नाही.

माझ्यासारख्या दहावी पास माणसाला सारं समजलं ते या गाढविणीवरून. विषानं तिचं काळीज बंद पडलं नव्हतं, फक्त श्वास ओढणारे स्नायू बंद पडले होते. बाहेरून हवा देत राहिलं तर शरीर आपल्या वेळेनं विष जिरवते. उतारा म्हणजे तो भाताच, अट एकच, थांबायचं नाही.

त्याच्याही आधीचं आहे. १७६७ साली अॅमस्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवायसाठी मंडळ निघालं, १७७४ ला लंडनमध्ये, आणि ते लोक भाते ठेवत, पण सोबत अजून एक यंत्र ठेवत ते सांगायला लाज वाटते, तंबाखूचा धूर गुदद्वारातून आत सोडायचं. खरंच! थेम्स नदीच्या काठाकाठानं असे संच ठेवलेले असत. पुढं १८११ मध्ये ब्रोडी नावाच्या डॉक्टरनं दाखवलं की तंबाखूतलं निकोटिन काळजालाच विष आहे, मग ते बंद पडत गेलं. गाढविणीच्या प्रयोगात पण हे ब्रोडी होते. आपल्याकडं फवारणीचं औषध पिलेल्याला मिठाचं पाणी पाजतात, कोणी उलटं टांगतात, तेव्हा मला तो तंबाखूचा धूरच आठवतो. हसू नका, गोऱ्या साहेबांनीही केलंय.

मग चांगली गोष्ट उलटी झाली. १८२७-२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये लेरॉय नावाच्या डॉक्टरनं दाखवून दिलं की भाता जोरात दाबला तर फुफ्फुस फाटते, हवा छातीत जाते आणि माणूस भात्यानंच मरतो. बरोबरच होतं ते. पण लोकांनी हळू दाबायचं शिकायच्या ऐवजी भाताच टाकून दिला, आणि पुढची शंभर वर्षं लोक माणसाचे हात वरखाली करत, पाठ दाबत बसले. सिल्वेस्टरची पद्धत, शेफरची पद्धत, होल्गर निल्सनची पद्धत. आमच्या शाळेत स्काऊटच्या सरांनी पालथं झोपवून पाठ दाबायचीच शिकवली होती आम्हाला.

यंत्र परत आलं ते खाणीमुळं. १९०६ च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या कूरिएर कोळसा खाणीत स्फोट झाला, १,०९९ माणसं गेली, कित्येक स्फोटानं नाही तर आतल्या विषारी वायूनं. दुसऱ्या वर्षी, १९०७ ला, जर्मनीतल्या ल्यूबेक शहराच्या हाइनरिश ड्रेगर यांनी पल्मोटर काढला. पेटीत ऑक्सिजनचं सिलिंडर, पुढं मास्क, आणि सिलिंडरच्याच दाबावर चालणारी यंत्रणा जी छातीत हवा भरे आणि मग ओढून घेई, माणसानं काही करायची गरज नाही. खाणी, फायर ब्रिगेड, पोलीस, सगळ्यांनी घेतला, कारण घराघरात जळणाऱ्या गॅसनं आणि कोळशाच्या धुरानं रोज माणसं मरत होती. आमच्याकडं वणी, घुग्घुस, राजुरा, उमरेड इतक्या खाणी, त्या फाटकावर थांबलेल्या मालगाडीतला कोळसा तिथलाच, पण पल्मोटर हे नाव मी आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

पण पल्मोटरची खोड वाचली तेव्हा ड्रायव्हर म्हणून मला लगेच कळली. तो दाबावर पलटी खायचा. घशात जीभ मागं पडलेली असली, कफ अडकलेला असला तर दाब लवकर चढे, यंत्राला वाटे छाती भरली, आणि ते टकाटक पलटत राही, आत हवा गेलेलीच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे काय मस्त चाललंय. शिवाय हवा ओढून घ्यायची जी रीत होती तिच्यावर हाल्डेन, हेंडरसन अशा शास्त्रज्ञांनी बरीच टीका केली. म्हणजे पेटी कितीही भारी असो, जबडा वर उचलून रस्ता मोकळा करणारा माणूस पाहिजेच.

लोखंडी फुफ्फुस तर पोलिओसाठी सगळ्यांना माहीत आहे, जुन्या फोटोत लोक टाकीत झोपलेले, फक्त डोकं बाहेर. पण १९२८ ला बोस्टनमध्ये ड्रिंकर आणि शॉ यांनी ते काढलं तेव्हा डोक्यात होतं ते गॅसनं गुदमरलेले आणि विजेचा शॉक लागलेले लोक, न्यूयॉर्कच्या गॅस कंपनीनं तर त्यासाठीच पैसे दिले होते. हवा खेचायला व्हॅक्यूम क्लीनरचे ब्लोअर लावलेले. पण ती टाकी गावात कोण नेणार, बंडीत तर मावणारच नाही.

मला सगळ्यात आवडते ती कोपनहेगनची गोष्ट. १९५२ चा ऑगस्ट, पोलिओची लाट, हॉस्पिटलात पेशंट ओसंडून वाहताहेत आणि यंत्रं मोजकी. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला भोक पाडून नळी टाकली आणि रबरी पिशवीनं हातानं श्वास दिला, ती वाचली. मग काय, मेडिकलची पोरं बोलावली. सगळी मिळून सुमारे १,५०० विद्यार्थी शिफ्टवर येऊन पिशव्या दाबत बसले, आठवड्यामागून आठवडे. त्या बाईचा म्हातारा सासरा, तो दीर, त्यांनी दोन रात्री जे केलं तेच हे. फक्त त्यांचं पुस्तकात आलं.

आणि त्याच डेन्मार्कात १९५६ ला हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे यांनी अंबू बॅग आणली. आधीच्या पिशव्यांना फुगायला सिलिंडर लागे, ही सोडली की आपोआप फुगते, साध्या हवेवर चालते, लाईट नको, सिलिंडर नको. रूबेननी पहिला नमुना सायकलचे स्पोक लावून केला होता म्हणतात, म्हणजे आपल्या पंक्चरवाल्याच्या लायनीतलाच माणूस. ऑक्सिजन असला तर मागं नळी जोडा, नसला तरी काम चालते.

आता फवारणीचं. मण्यार वर्षाला दोन-चार, फवारणीचे पेशंट ढीगभर. २०१७ सालचं कोणी विसरलं नसेल, एका यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात होती. पऱ्हाटी (कपाशी) डोक्याच्या वर गेलेली, पंप गळतो, पाठ ओली, तोंडाला दुपट्टा, वारा उलटा. गेटवर माणूस उतरवला की आम्ही पहिलं विचारायचो, "औषध मारलं का घेतलं?" म्हणजे फवारताना लागलं का जीव द्यायला पिलं. त्यातली बरीच औषधं एका जातीची, डॉक्टर ओपी म्हणतात, ऑर्गनोफॉस्फेट. ही जात १९३० च्या दशकात जर्मनीत किडे मारायसाठी शोधता शोधता सापडली आणि त्याच शोधातून १९३६ ला टाबून नावाचा युद्धातला विषारी वायू निघाला, हे वाचल्यावर मी दोन दिवस शेतात गेलो नाही.

ओपीत माणूस आतून बुडतो. तोंडाला फेस, लाळ, घाम, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत गरगर पाणी. त्यावर अॅट्रोपिन. इवलीशी ॲम्प्युल, ०.६ मिलिग्रॅमची, एक-दोनानं काही होत नाही, छाती सुकेपर्यंत देत राहावं लागते, मी सकाळी ट्रेमध्ये फुटक्या काचांचा ढीग पाहिलाय. पण अॅट्रोपिननं लाळ सुकते, छाती मोकळी होते, स्नायूंची ताकद मात्र येत नाही. नातेवाईक म्हणतात इंजेक्शन दिलं ना मग काय, पण श्वास ओढायची ताकद गेली की तिथं बॅगच लागते, आणि पुढं व्हेंटिलेटर.

दुसरं एक, हे प्लीज छापा. पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरा वाटतो, चहा मागतो, घरचे म्हणतात सुट्टी द्या, सोयाबीन काढायचं आहे. तेव्हाच खरा धोका. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या पेशंटवरून डॉक्टरांनी हे लिहून ठेवलंय, विष गेल्यावर २४ ते ९६ तासांच्या मधात पुन्हा स्नायू ढिले पडतात, आणि सगळ्यात आधी मान. त्याला उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर घरी न्यायचं नाव काढू नका. आमच्याच गावचा एक असाच बसमध्ये गेला, बायकोला वाटलं झोपलाय.

आता माझी तक्रार. २००९ चा सप्टेंबर, चौतीस वर्षांचा मजूर, फवारा मारताना पडला, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) उचलून आणला. श्वास घसरत चाललेला. डॉक्टर म्हणे बॅग आणा. बॅग स्टोअरच्या कपाटात, कपाटाला कुलूप, चावी ज्याच्याकडं तो सुट्टीवर. का? तर मागच्या ऑडिटला एक बॅग कमी निघाली होती म्हणून सामान कुलपात. मी गाडीतून टॉमी (लोखंडी दांडा) आणून कुलूप तोडलं, त्यात वीस मिनिटं गेली, बॅग काढली तर व्हॉल्व्ह चिकटलेला. तोपर्यंत तोंडानं श्वास द्यावा तर तोंडाला विषाचा फेस, देणाऱ्यालाच बाधा व्हायची, त्यासाठीच तर बॅग असते. माणूस गेला. रजिस्टरला कारण लिहिलं विषबाधा. मी म्हणतो कुलूप लिहायला पाहिजे होतं. कुलूप तोडल्याबद्दल मला मेमो आला तो अजून ठेवलाय.

२०१४ पासून १०८ आली, फरक पडला, नाही म्हणणार नाही, पोरं शिकलेली आहेत. पण गाडी वीस-तीस किलोमीटरवरून येईस्तोवर कोण श्वास देणार? म्हणून माझं मागणं छोटंच आहे. फवारणी जोरात व्हायच्या आत, म्हणजे पोळ्याच्या आत, प्रत्येक केंद्रात आणि उपकेंद्रात बॅग बाहेर काढा, मोठ्यांची आणि लेकरांची वेगवेगळी, मास्क सकट, आणि उघड्या खुंटीवर लटकवा, जिथं झाडूवालीला पण दिसेल. आशाताई, कोतवाल, पोलीस पाटील, गावातली दोन-चार धडधाकट पोरं यांना एक दुपार शिकवा. १९५० च्या दशकात अमेरिकेत पीटर साफार नावाच्या डॉक्टरनं स्वतःहून तयार झालेल्या माणसांचे स्नायू क्युरारेसारख्या औषधांनी बंद पाडून साध्या, न शिकलेल्या लोकांकडून तोंडानं श्वास देऊन घेतला होता, आणि त्यांना जमला. आमच्या दीराला तर चालत्या गाडीत जमलं. व्हेंटिलेटर द्या, जरूर द्या, पण मंत्री येऊन फीत कापतात ती मशीन तालुक्याला राहते, पेशंट धुऱ्यावर असतो.

विहिरीचंही त्यातच आलं. विहिरीत इंजन उतरवतात, धूर भरतो, एक बेशुद्ध पडला की काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आधी हवा खेळू द्या, कंबरेला दोर बांधल्याशिवाय कोणी उतरू नका, वर काढलं की श्वास द्या.

माझी ती वीस रुपयाची बॅग मी गरम पाण्यात साबण लावून धुतली, व्हॉल्व्हची चोच सोडवली, तर चिरली. आता काही कामाची नाही, पण शिकवायला चालते. आमच्या गावच्या बाजाराच्या दिवशी, शनिवारी, मी ती घेऊन पारावर बसतो, कोणी आलं तर दाखवतो. मागच्या शनिवारी अकरा जण आले, त्यातले चार नुसते चहाला.

आपला,
एक रिटायर अँबुलन्स ड्रायव्हर,
जि. यवतमाळ

ता.क. बॅग चांगली आहे का पाहायची सोपी रीत, पेपरात जागा असली तर टाका. मास्क काढा, व्हॉल्व्हच्या तोंडावर अंगठा दाबून धरा आणि बॅग दाबा. दबली नाही पाहिजे. दबली तर कुठून तरी हवा गळते. मग अंगठा काढा, दाबा आणि सोडा, झटक्यात फुगली पाहिजे. एवढंच. अर्धं मिनिट लागते. नाव छापू नका, मेमोवाले साहेब अजून नोकरीत आहेत.